बोटांची कमाई

खापरच्या बाजारात बांबूच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांचे हात पाहावेत. बोलणं गिऱ्हाइकाशी, लक्ष पोराकडे, आणि बोटं आपली विणतच असतात.

ती बोटं पाहून मला पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. रमाबाईंना आईवडिलांकडून मिळालेलं देवाचं देणं म्हणजे भाषा. संस्कृत मुखोद्गत असलेल्या या बाईंनी उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. पांडित्य असं खाली उतरवणं सोपं नसतं! छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवणाऱ्या मुलीही तिथल्याच. १९२२ साली रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

मला मात्र अधिक भावते त्यांची लेक मनोरमा. ती ब्रेल शिकली आणि मुक्तीतल्या अंध मुलींना शिकवू लागली. जिला दिसत नव्हतं, तिचं बोट ओळीवरून फिरू लागलं.

याउलट येशूच्या दाखल्यातल्या चाकराने धन्याने दिलेला पैसा जमिनीत पुरला होता. कठोर धन्याच्या भीतीने. भीती खोटी नव्हती त्याची.

खापरच्या बाजारातल्या एका बाईला विचारलं, कुठे शिकलीस? ‘आईकडे,’ म्हणाली. शेजारी तिची पोर बसली होती, हातात बांबूची एक कामटी घेऊन.