दाभोळचा काय दोष?

मार्च १५०८. चौलच्या खाडीत पोर्तुगीज आणि इजिप्तहून आलेलं मामलुकांचं आरमार भिडलं. दीवचा सुभेदार मलिक अयाझ मामलुकांच्या मदतीला आला. पोर्तुगीजांचा तरुण सेनानी लोरेन्सो द आल्मेडा, म्हणजे व्हाइसरॉयचा मुलगा. तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला, तरी डोलकाठीपाशी बसून तो हुकूम सोडत राहिला. दुसऱ्या गोळ्यानं गेला. बापाला पोराचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

इथं माझंही काळीज हललं. फ्रान्सिस्को द आल्मेडा परका, आपल्या समुद्रावर धाक बसवायला आलेला. पण बाप तो बापच. त्याच्या जागी आल्बुकर्क येऊन थांबला होता, तरी सूड घेतल्याशिवाय यानं कारभार सोडला नाही. ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवसमोर त्यानं शत्रूचं आरमार मोडलं. या समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक बसला तो त्या दिवसापासून.

माझं मन अडतं ते त्याआधीच्या दाभोळवर. दीवला जाताना, डिसेंबर १५०८ च्या अखेरीस, तो तिथं उतरला. दाभोळ हे विजापूरच्या आदिलशहाचं बंदर. चौलच्या लढाईत ते नव्हतंच. तरी बायका-मुलांसकट कत्तल केली, शहर जाळलं. आणि ज्याच्या होड्यांनी पोराला घेरलं त्या मलिक अयाझशी? तह! त्यानं चौलचे कैदी नीट सांभाळून परत केले होते.

गृहस्थाला विरोधी हिंसा चुकत नाही, संकल्पी मात्र सोडायलाच हवी, असं आपण लहानपणापासून ऐकतो. दीवची लढाई कुणी विरोधीत बसवेल. मी नाही बसवणार. दुसऱ्याच्या दारात जाऊन कसलं आलंय स्वसंरक्षण? दाभोळ तर उघड संकल्पी.

एवढं ठणकावून लिहिलं खरं, पण मध्येच हात थांबला.

सहा वर्षांपूर्वी एका जीपनं माझ्या मुलाला उडवलं. हात मोडला, देवाच्या दयेनं तेवढंच. जीपवाला सापडला नाही. गाडी अमुक गावची, एवढं कळलं. आमच्या कॅम्पातल्या घरी दूध घालणारे मामा त्याच गावचे. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचं दूध बंद केलं. कारणही सांगितलं नाही. ते दोनदा येऊन विचारून गेले, "वैनी, काय चुकलं का?" मी दार लावून घेतलं.

दरवर्षी क्षमावाणीला मी सगळ्या नातलगांना फोन करते, उत्तम क्षमा म्हणते. मामांचा नंबर अजून वहीत आहे.