कांडी भरता भरता

आत्या मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. समोर चरखा, बाजूला सुताच्या लड्या, टोपलीत रिकाम्या कांड्या. उजवा हात चाक फिरवतो, डाव्या हाताच्या बोटांतून सूत सरकत कांडीवर चढत जातं. डोळे कधी सुतावर, कधी मोबाइलवर, आणि बरेचदा दोन्हींवर नसतात. सूत तुटलं की ती चाक थांबवते, दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारते, चाक पुन्हा सुरू. मोबाइल मात्र थांबवत नाही. तेवढ्यात ‘पंचायत’ मालिकेतल्या फुलेरा गावच्या ऑफिसात काही घडून गेलं तर गेलं. मी एकदा म्हटलं, ‘मागं घेऊ का थोडं?’ तर म्हणाली, ‘राहू दे न गा. ते तिथंच असतात.’

खापा हे सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीकाठचं गाव. भोवताली संत्र्याचे बगीचे, जवळच गुमगावची मँगनीजची खाण, आणि गावात कोष्ट्यांचे मोहल्ले. आमच्या लहानपणी सकाळी जाग यायची ती मागाच्या खटक्यानं. आता आमच्या गल्लीत तो खटका क्वचितच ऐकू येतो. आत्या कांड्या भरते त्या पोटापेक्षा हातांसाठी. हात रिकामे राहिले की तिला झोप लागत नाही.

वर्ष संपत आलं की वर्षभरात काय काय पाहिलं याची यादी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर करायची मला जुनी खोड आहे. 2025 ची यादी करायला बसलो तेव्हा नेहमीप्रमाणं दोन रकाने आखले. एकीकडं मालिका : ‘ब्लॅक वॉरंट’, ‘पाताल लोक’चं दुसरं पर्व, ‘ॲडोलसन्स’, आणि प्रश्नचिन्ह घालून ‘पंचायत’चं चौथं. दुसरीकडं सिनेमे : ‘स्थळ’, ‘साबर बोंडं’, ‘दशावतार’. मग नेहमीचा चाळा म्हणून दोन्हींतलं सरस काय ते ठरवू लागलो, आणि अडलो. तुलना लांबीची म्हणावी तर तिला अर्थ नाही. मालिका म्हणजे लांबवलेला सिनेमा आणि सिनेमा म्हणजे आटोपशीर मालिका, हे आपण सहज बोलून जातो. पण आत्याचं ते वाक्य मला वेगळंच काही सांगत होतं.

लांबीचाच प्रश्न असता तर तो बर्गमननं केव्हाच निकालात काढला असता. त्याच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ची 1982 मध्ये थिएटरात आलेली आवृत्ती 188 मिनिटांची, टेलिव्हिजनची 312 मिनिटांची. आपल्याकडं गोविंद निहलानींचा ‘तमस’ 1988 मध्ये दूरदर्शनवर भागाभागानं आला आणि सलग सिनेमा म्हणूनही दाखवला गेला, जवळपास पाच तासांचा. ऐवज तोच. पण पाच तास एका बैठकीत सोसणं निराळं, आणि एक भाग संपल्यावर दिवा मालवून, उद्या पुन्हा तिथंच जायचं आहे हे जाणून झोपणं निराळं. फरक पडतो तो या मधल्या रात्रीनं.

मधली रात्र आम्हाला नवी नाही. विदर्भातल्या कुठल्याही गावाला ठाऊक आहे, सप्ताह बसतो म्हणजे काय होतं ते. मांडव पडतो, व्यासपीठ सजतं, महाराज येतात आणि सात दिवस भागवत चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कृष्णजन्म, तेव्हा पाळणा. सहाव्याला रुक्मिणीस्वयंवर, तेव्हा गावातल्याच कुणाच्या पोरीला शालू नेसवून आणतात. सातव्याला सुदामा, मग काला आणि महाप्रसाद. कृष्ण जन्मणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, त्यामुळं उत्कंठा अशी नसतेच. आजची कथा संपवताना महाराज कंसाला दारात उभा करून ठेवतात, तरी बाया उठताना त्याची काळजी करत नाहीत, घरी टाकलेल्या कणकेची करतात. दुसऱ्या दिवशी नळावर त्याच कंसाची चर्चा होते, आणि ती नात्यातल्या कुणा खाष्ट माणसाविषयी करावी तशी. सात दिवसांत तो गावचाच झालेला असतो.

कीर्तनाचं तसं नाही. कीर्तनकार एका रात्रीचा पाहुणा. पूर्वरंगात त्यानं एक अभंग घ्यायचा, उलगडायचा, उत्तररंगात आख्यान लावायचं, आणि त्याच रात्री ते पूर्ण करून आरती करायची. उद्यावर काही ठेवायची त्याला सोय नाही. म्हणून बऱ्या कीर्तनकाराचं आख्यान अंगावर येतं. घरी परतताना माणसं गप्प असतात.

मला वाटतं मालिका सप्ताहाच्या घराण्यातली आणि सिनेमा कीर्तनाच्या. मालिका सवय लावते. सिनेमा आपल्या लागलेल्या सवयीला धक्का देतो. दोघांचे गुण इथूनच येतात, आणि दोषही.

‘पंचायत’ 2020 च्या एप्रिलमध्ये आली, आपण सगळे घरात कोंडलेले असताना. तिच्या पहिल्या पर्वात घडतं काय? ऑफिसची किल्ली हरवते, चाकांच्या खुर्चीवरून मानापमान होतो, मॉनिटर चोरीला जातो. एवढ्या भांडवलावर कुठला निर्माता सिनेमाला पैसा लावेल? फुलेरा गाव कथेत उत्तर प्रदेशातलं, चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यातल्या महोडियात. सावनेर ओलांडलं की आम्हाला मध्य प्रदेशच लागतो. त्यामुळंही असेल, पण तिथल्या भिंतींचा रंगसुद्धा आत्याला ओळखीचा वाटतो. उपप्रधान प्रल्हाद हा माणूस पंधरा भाग नुसता आजूबाजूला असतो : बसतो, हसतो, पितो, गाडीवर मागं बसतो. सोळाव्या भागात, म्हणजे दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, त्याचा सैन्यातला मुलगा गेल्याची बातमी येते. त्या रात्री आत्यानं चाक थांबवलं होतं. हे दुःख दोन तासांच्या सिनेमात दाखवता आलं असतं, नाही असं नाही. पण मग प्रल्हाद कोण हे आधी सांगावं लागलं असतं. इथं सांगायला काही उरलंच नव्हतं.

मराठीला हे नवं मुळीच नाही. ‘लीळाचरित्र’ आमच्या विदर्भातलंच. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी ऋद्धपूरला, ज्याला जे आठवेल ते विचारत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक लीळा गोळा केली. एकेक लीळा चार ओळींची, कधी पानभराची. कुणाला भूक लागते, कुणी रुसतं, कुणी बाजारात जातं. कथानक म्हणावं असं काही नाही. पण शे-दोनशे लीळा वाचून झाल्या की स्वामी कसे बसत, कसे चिडवत, हे आपल्याला कळलेलं असतं, आणि कुठल्या पानावर कळलं ते सांगता येत नाही. पुढं हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू दर आठवड्याला वाचकाच्या घरी येऊ लागली. ती जवळपास तीन वर्षं येत होती. यमूचे हाल एका रात्रीत वाचून हळहळणं सोपं आहे. तीन वर्षं तिची वाट पाहिलेल्या वाचकाला आपल्या घरातल्या यमूकडं पाहणं चुकवता आलं नसेल. त्याच साप्ताहिक रहाटगाडग्यानं हरिभाऊंचं लेखन पसरटही केलं, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

सवयीची दुसरी बाजू ती हीच. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ वेळेवर उठून गेले, म्हणून अजून त्यांची आठवण येते. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग चालली. नावातच चार दिवस म्हटलं होतं, हा विनोद तेव्हा घरोघरी करून झालेला आहे. आता ‘पंचायत’चंही तेच होऊ लागलंय की काय, ही धास्ती मला आहे. चौथ्या पर्वात निवडणूक आहे, दुधी विरुद्ध कुकर अशी चिन्हं आहेत, प्रधान मंजूदेवी हरतात. सगळं जागच्या जागी आहे, पण पहिल्या पर्वात ज्या किरकोळपणातून गंमत यायची, तो किरकोळपणाच राहून गेलाय. मी तक्रार केली तर आत्याला ती कळलीच नाही. ओळखीच्या घरी गेल्यावर त्यांनी काय नवीन केलं, असं कुणी विचारतं का?

यादीत मी ‘ब्लॅक वॉरंट’ सगळ्यांत वर ठेवली, त्याचं कारण तिला आपल्या जातीचा हा गुणदोष पक्का ठाऊक आहे. विक्रमादित्य मोटवाने आणि सत्यांशु सिंह यांची ही सात भागांची मालिका. तिहार तुरुंगात नोकरीला लागलेला एक पोरगेला, मऊ स्वभावाचा जेलर. पहिल्या भागात तुरुंगातला साप पाहून जसा तो घाबरतो तसे आपण. मग फाशी, लाच, टोळ्या, पुन्हा फाशी. हळूहळू तो सरावतो. आणि सहाव्या भागाच्या आसपास लक्षात येतं की आपणही सरावलो. पहिल्या भागात ज्या मारहाणीनं पोटात गोळा आला होता, तसल्याच मारहाणीच्या वेळी आपण चहाचा कप उचललेला असतो. माणूस बदलला हे सिनेमा दाखवू शकला असता. पाहणाऱ्याला आतून निबर करत नेणं सात रात्रींनाच जमतं.

‘ॲडोलसन्स’ची गोष्ट उलटी. मार्चमध्ये आलेली ही ब्रिटिश मालिका चार भागांची आहे, आणि प्रत्येक भाग एका सलग चित्रणात, मध्ये एकही काप नाही. तेरा वर्षांचा मुलगा, त्याच्यावर खुनाचा आरोप. तिसऱ्या भागात तो आणि मानसतज्ज्ञ बाई एका खोलीत जवळपास तासभर बोलतात, एवढंच. दुसऱ्या भागानंतर तर दर वेळी महिने उलटून गेलेले असतात, त्यामुळं कुणाशी घसट वाढायला जागाच ठेवलेली नाही. मला तो सप्ताह वाटला नाही. चार रात्रींची चार कीर्तनं वाटली. आत्यानं दहा मिनिटं पाहिली. भाषा कळत नव्हती हे खरं, पण तिची अडचण निराळी होती. ‘यानं तं मान खाली घालू देत नाई,’ म्हणाली, आणि मोबाइल पालथा ठेवून कांडी बदलली.

तिचं पाहणं मुख्यतः ऐकणं असतं, हे मला तेव्हा नीट उमगलं. रोजच्या मालिकांत माणसं इतकी का बोलतात, आलेली प्रत्येक व्यक्ती ‘अगंबाई, तुम्ही इकडे कशा?’ असं का विचारते, याची आपण टवाळी करतो. ते भाजी चिरणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या हातांसाठी लिहिलेलं असतं. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीतले माग थांबायचे आणि सगळे एकाच घरात, चपला दाराबाहेर काढून, हात जोडून बसायचे. तेव्हा टीव्ही हा देव्हारा होता. तो पुढं घरातलं माणूस झाला, आणि घरातल्या माणसाकडं कुणी टक लावून पाहत नाही.

आता पर्वाचे आठही भाग एका दुपारी हाती पडतात. पोरं रात्रभर जागून पर्व संपवतात आणि सकाळी ‘झालं’ म्हणतात. सप्ताह एका रात्रीत उरकला तर काला कुणी खायचा? मधली रात्र काढून टाकल्यावर मालिकेचा नुसता लांबलचक सिनेमा उरतो, आणि तोही वाईट. आत्या दिवसाला एकच भाग पाहते. शिस्त म्हणून नव्हे. एका भागात तिच्या ठरलेल्या कांड्या भरून होतात.

मार्चमध्ये मी तिला नागपूरला नेलं होतं, ‘स्थळ’ पाहायला. जयंत सोमलकरांचा सिनेमा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात केलेला, गावातल्याच माणसांना घेऊन. आपल्या भागातली बोली आहे, कापूस आहे, एवढं सांगितल्यावर ती तयार झाली. थिएटरात सिनेमा पाहून तिला किती वर्षं झाली होती हे तिलाही सांगता येईना. लिबर्टी, पंचशील, स्मृती अशी जुन्या टॉकिजांची नावं तेवढी तिनं घेतली. अंधार झाला आणि हातांचं काय करावं ते तिला कळेना. थोडा वेळ तिनं पिशवीचे बंद चाळवले. मग पदराचा एक सुटा धागा बोटाला गुंडाळत बसली.

सिनेमात सविता नावाची मुलगी आहे. तिला पाहायला लोक येतात, ती स्टुलावर बसते, प्रश्न होतात : नाव, शिक्षण, उंची, शेतीची कामं येतात का. नकार. पुन्हा लोक, पुन्हा स्टूल, पुन्हा तेच प्रश्न. मालिकेत असतं तसंच पुन्हा पुन्हा तेच. पण मालिकेत तीच खोली, तीच माणसं, तेच बोलणं पुन्हा आलं की आपण सैलावतो, इथं दर खेपेला श्वास आखडत जातो. पहिल्या खेपेला हॉलमध्ये हसू फुटलं होतं. नंतरच्या खेपांना ते विरत गेलं. याची मालिका काढली असती तर दहाव्या भागात आपण सवितेला नकार मिळायची मजेनं वाट पाहू लागलो असतो. तिला आणखी एक स्थळ आलं असतं आणि आपण कांडी बदलली असती.

मध्यंतरानंतर मी आत्याच्या हातांकडं पाहिलं. धागा बोटाला तसाच होता, गुंडाळणं थांबलं होतं.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. पाटणसावंगी मागं पडल्यावर म्हणाली, ‘मले सहा जणं पाहून गेले. अपुल्याच बैठकीत, मागाजवळ सतरंजी टाकून. सगळ्यांनी पहिले नावच विचारलं. आता ज्याले माह्यं नावच मालूम नाई, तो आमच्या घरी कसा पोचला गा?’ आणि हसली. मग बोटांवर मोजू लागली. पहिला सौंसरचा. दुसरा काटोलचा, त्याच्या भावानं चालून दाखवायला लावलं होतं. तिसरा मास्तर होता. पाचव्याच्या मायनं पोह्यात मीठ कमी म्हटलं. सहावे मग हे.

‘अन् चौथा?’

ती अंगठा त्या बोटावर ठेवून थांबली. खापा आलं तरी तिला चौथा आठवला नव्हता.