भागीदारीतील समभाव

दोन मित्र सारखे भांडवल घालून पेढी काढतात. नफ्यातोट्याचा वाटा निम्मा-निम्मा ठरतो. तीन-चार वर्षे लोटतात. एकजण पहाटे कुलूप उघडतो, माल पाहतो, उधारी वसूल करतो आणि रात्री रोजमेळ मिळवून घरी जातो. दुसरा कधी आजारपणाने, कधी अन्य उद्योगामुळे, तर कधी निव्वळ आळसाने आठवड्यातून एखादे वेळी डोकावतो. दिवाळीला वाटा मात्र सारखाच! पहिल्याच्या मनात कडवटपणा साचतो. तो बोलत नाही. पण गल्ल्यातले चार पैसे परस्पर घरी जाऊ लागतात आणि ‘माझ्या मेहनतीचे’ असे नाव तो त्यांना देतो.

दुसरा अशा वेळी गीतेचाच आधार घेतो, ही खेदाची गोष्ट होय. फळाची आशा धरू नये असे भगवंत सांगतात, मग तू मोबदला कसला मागतोस, असे तो म्हणतो. सज्जनहो, निष्कामतेचा उपदेश अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या कल्याणासाठी झाला. दुसऱ्याची मजुरी बुडविण्याची सोय म्हणून नव्हे. फलत्याग ज्याचा त्याने करावयाचा असतो. तिसऱ्या अध्यायातील यज्ञविचारात तर, घेतलेल्याची फेड न करता भोगणाऱ्याला चोरच म्हटले आहे.

परंतु कष्ट करणाऱ्यानेही आपले अंतःकरण तपासावे. ‘सर्व मीच उभारले’ असे त्याला वाटते. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतील केवळ एक. आरंभी दुसऱ्याचे भांडवल बुडण्याच्या भयात होतेच ना?

आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न टाळलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एकत्र काम करणाऱ्यांच्या वाट्याचा विचार यज्ञातील सोळा ऋत्विजांवरून केला आहे. टीकाकारांच्या हिशोबाने शंभर गाईंपैकी चार मुख्यांना 48, पुढील चारांना 24, नंतरच्यांना 16 आणि शेवटच्या चारांना 12. यज्ञ एकच, पण दक्षिणा कामाच्या मानाने. काम अर्धवट सोडणाऱ्यास केलेल्या कामापुरताच वाटा. याज्ञवल्क्यांनी व्यापाऱ्यांचा लाभ भांडवलाप्रमाणे अथवा ठरलेल्या कराराप्रमाणे वाटावा असे सांगून, अशक्त झालेल्याने आपले काम दुसऱ्याकडून करवून घ्यावे असेही म्हटले आहे. आजारी भागीदाराला हाकलण्याचे कारण नाही. त्याने आपल्या खर्चाने माणूस द्यावा. कपटी भागीदाराला मात्र लाभाविना दूर करण्याची आज्ञा आहे.

1932 च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसल्यास नफा समान वाटला जातो आणि काम पाहिल्याबद्दल वेतन मिळत नाही. म्हणून मनातली अपेक्षा कागदावर आली पाहिजे.

श्रम आणि मालकी यांची गल्लत करू नये. परका मुनीम ठेवला असता जे द्यावे लागले असते, ते वेतन काम करणाऱ्याला आधी द्यावे. उरलेला नफा वाट्याप्रमाणे. समजा, वर्षाचा नफा 12 लाख आणि असे वेतन महिना 30 हजार. वेतनाचे 3 लाख 60 हजार वजा जाता 8 लाख 40 हजार उरतात. प्रत्येकी 4 लाख 20 हजार. बहुतेक तंटे एवढ्यानेच मिटावेत. मालकीचा वाटा मात्र एका वर्षाच्या आळसाने बदलू नये. अनुपस्थिती कायमचीच ठरली, तर तो उभयतांच्या संमतीने, पुढील वर्षारंभापासून कमी करावा. मागील वर्षांचे हिशोब उकरू नयेत.

हा विषय कमी काम करणाऱ्याने स्वतः होऊन काढला तर फार उत्तम. दुसऱ्याला मागण्याचा संकोच होतो, हे तो जाणतोच.

आणि गल्ल्यातून परस्पर नेलेले ते पैसे? नवा करार लिहिण्यापूर्वी ते भागीदाराला सांगून रोजमेळात जमा झाले पाहिजेत. त्या दिवसांच्या श्रमाबद्दल त्याने खुशीने काही दिले, तर ते त्याच्या हातून घ्यावे.