रॉकेलचा बोळा आणि अहिंसा
फणसाच्या दिवसांत कोकणातल्या घराच्या पडवीत मांजर वावरत असलं की कधी ना कधी त्याच्या पंजांना, पोटाखालच्या केसांना चीक लागतोच. कुणीतरी कळवळून रॉकेलचा नाहीतर टर्पेंटाइनचा बोळा घेतं आणि चीक पुसून काढतं. मग मांजर आडोशाला जाऊन अंग चाटू लागतं. त्याच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे जिभेला लागलेलं बहुतेक पोटातच जातं. रॉकेलनं कातडी भाजते आणि ते फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. आता, पुसणाऱ्याचा हेतू निर्मळ होता. तरी त्याच्या हातून हिंसा झाली का?

माझ्या मते झाली. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, अट जोडली आहे. जमीन नीट पाहत चालणाऱ्या साधूच्या पायाखाली किडा सापडला तरी या सूत्राचे टीकाकार त्याला हिंसक म्हणत नाहीत. बेफिकिरीनं चालणाऱ्याला मात्र, कुणी मेलं नाही तरी, मोकळं सोडत नाहीत. म्हणजे कसोटी सावधपणाची आहे, कळवळ्याची नाही. यावर कुणी म्हणेल, बिचाऱ्याला माहीत नव्हतं, अज्ञान हा काय गुन्हा? पण त्याच घरात फणस चिरण्याआधी हाताला आणि विळीला तेल चोळलं होतं! चिकावर तेल चालतं हे ज्ञान घरात होतं, फक्त मांजरापर्यंत पोचलं नाही. खायचं तेल केसांत जिरवावं, पंजाच्या गाद्यांमधला चीक बोटानं सैल करावा, फडक्यानं टिपून सौम्य साबणाच्या कोमट पाण्यानं धुवावं, एवढंच काम. आपल्या बोटांसाठी जो विचार सहज सुचतो तो दुसऱ्या जिवासाठी न सुचणं, यालाच मी प्रमाद म्हणेन.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मांजराला नको असताना धरून ठेवणं हीच मुळात जबरदस्ती नाही का? रामानुज परंपरेतला मार्जारकिशोर न्याय इथे आठवतो: पिल्लू काही करत नाही, आई त्याला मानेला धरून उचलते, तशी देवाची कृपा. पण हा दाखला इथे कामाचा नाही. पिल्लू आईच्या तोंडात अंग सैल सोडतं, मोठं मांजर आपल्या हातात तसं सोडत नाही, आणि आपण काही देव नव्हे. म्हणून धरण्याला दर वेळी कारण द्यावं लागेल. चीक कातडी ओढत असेल, बोटं चिकटवत असेल, पोटात जाणार असेल तर ते कारण पुरतं. केसांच्या टोकाला वाळलेला कण आपल्याला बघवत नाही, एवढ्यानं पुरत नाही. तो केस गळला की जाईल. आणि कारण असलं तरी मांजराचा विरोध हिशेबातून वगळायचा नाही. कान मागे पडले, शेपटी आपटू लागली की सोडावं. उरलेला चीक तेल लावून संध्याकाळीही निघतो.