शंकासमाधान : प्रसाद, इन्शुलिन आणि हक्कसोडपत्र

या वेळी आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. नावं, गावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. उत्तरात शास्त्राचे संदर्भ दिले आहेत. ते उघडून ताडून पाहावेत, नुसत्या माझ्या शब्दावर विसंबू नये.

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. आम्ही सोसायटीत राहतो. शेजारच्या काकू गणपतीत मोदक आणि सत्यनारायणाला शिरा न चुकता आणून देतात. माझे मिस्टर म्हणतात, अन्नच आहे, खाऊन टाक. सासूबाई मात्र ती वाटी ओट्यावरसुद्धा ठेवू देत नाहीत. मागच्या वेळी त्यांनी शिरा गुपचूप कामवाल्या मावशींना दिला. काकूंना कळलं असतं तर काय वाटलं असतं? प्रसाद खाल्ला तर पाप लागतं का?

उत्तर : ताई, करिंथच्या मंडळीने जवळजवळ हाच प्रश्न पौलाला पत्राने विचारला होता. त्या शहरात देवळात बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारात विकायला येई आणि घरच्या मेजवानीतही वाढलं जाई. ख्रिस्ती माणसाने ते खावं की नाही, यावर मंडळीत दोन तट पडले होते. पौलाने ‘चालतं’ किंवा ‘चालत नाही’ असा एका शब्दात निकाल दिला नाही. १ करिंथ ८ ते १० हे तीन अध्याय त्याने त्यापायी खर्च केले.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. देव एकच असल्यामुळे मूर्तीपुढे ठेवल्याने अन्न बाटत नाही. बाजारातून आणलेल्याची चौकशी करत बसू नका. कोणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खा. पण दोन ठिकाणी तो हात आडवा घालतो. एक, पूजेत भागीदार म्हणून देवळातल्या पंगतीला बसू नका. दोन, समोरच्याने मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नका.

आता तुमच्या घरचं पाहू. दिवाळीच्या फराळाचा यात प्रश्नच येत नाही. त्याच करंज्या आणि शंकरपाळे आपण नाताळात तळतो आणि त्याच काकूंकडे पाठवतो. सत्यनारायणाचा शिरा मात्र काकू ‘प्रसाद आहे’ असं सांगूनच देतात. तिथे पौलाची दुसरी अट लागू होते. शिवाय तुमच्या घरातच एक व्यक्ती अशी आहे, जिचं मन त्या वाटीने दुखावतं. तुमच्या मिस्टरांचं ज्ञान बरोबर आहे, शिऱ्यात पाप नसतं. पण पौल ज्ञानवंतांनाच बजावतो की तुझ्या मोकळेपणाने दुसऱ्याला ठेच लागत असेल, तर तो मोकळेपणा बाजूला ठेव. आपल्याकडे अनेक घराण्यांत आजा-पणजाने विश्वास धरला तेव्हा गाव तुटलं, सोयरीक तुटली, पाणवठा बंद झाला. सासूबाई ते ऐकत वाढल्या असतील, तर त्या वाटीत त्यांना नुसता रवा-साखर कशी दिसेल? त्यांना अडाणी ठरवू नका.

मात्र सासूबाईंनी शिरा मावशींना दिला, ते मला पटलं नाही. मावशी स्वतः प्रसाद मानत असतील तर त्यांना आनंदच होईल, पण मग ‘प्रसाद आहे’ असं सांगून द्यावा. आपल्याला नको ते गरिबाला खपतं, हा विचार त्यात असेल तर तो शिरा खाण्यापेक्षा वाईट.

काय करावं? दारात आलेली वाटी दोन्ही हातांनी घ्या. दारातच धर्माची चर्चा काढू नका. एखाद्या दुपारी चहाला बसलात की मोकळेपणाने सांगा, “काकू, पूजेचा प्रसाद आमच्यात घेत नाहीत, मनाला लावून घेऊ नका. पण तुमच्या हातचे मोदक एरवी कधीही करा, मी हक्काने मागून खाईन.” बहुतेक काकू हे समजून घेतात. इतकी वर्षं आपण गप्प राहून वाटी इकडे-तिकडे करत होतो, हे उशिरा कळलं तर मात्र त्या दुखावतील. आणि वाटी रिकामी परत करू नका, ही आपल्याकडची रीत ख्रिस्ती घरालाही शोभते.

एखाद्या घरात अशी अडचण कोणालाच नसेल आणि तिथे कोणी देवाचे आभार मानून तो शिरा खाल्ला, तर मी त्याला दोषी ठरवणार नाही. रोम १४ मध्ये पौलाने खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला, दोघांनाही एकमेकांचा न्याय करायला मनाई केली आहे.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजात आहे. लहानपणापासून त्याला टाईप-वन मधुमेह आहे, रोज इन्शुलिन घ्यावं लागतं. एका चंगाई सभेत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. तू बरा झालास, आता सुई टोचणं म्हणजे अविश्वास, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने आम्हाला न सांगता इन्शुलिन बंद केलं. उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, मग आयसीयूत ठेवावं लागलं. आता घरी आलाय, पण गप्प असतो. म्हणतो, माझाच विश्वास कमी पडला. त्याला काय सांगू?

उत्तर : दादा, पहिली गोष्ट शास्त्राची नव्हे, शरीराची. या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड इन्शुलिन बनवत नाही. बाहेरून मिळालं नाही तर रक्तात आम्ल साठतं आणि थोड्याच अवधीत जिवावर बेततं. मुलाच्या बाबतीत तेच झालं. त्याचा विश्वास कमी पडला नाही, त्याच्या शरीरात इन्शुलिन कमी पडलं. हे वाक्य त्याला असंच्या असं वाचून दाखवा.

आता शास्त्राचं. येशूने एका कुष्ठरोग्याला बरं केलं, तेव्हा त्याला काय सांगितलं ते मार्क १:४४ मध्ये पाहा. जा, स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी कुष्ठ गेलं की नाही हे तपासण्याचं काम याजकाकडे होतं. लेवीय १४ मध्ये त्याची सगळी रीत दिली आहे. खुद्द प्रभूने बरं केलेल्या माणसालाही तपासणी चुकली नाही. मग आजच्या उपदेशकाला तपासणीचं भय का वाटावं? देवाने तुमच्या मुलाला खरोखर बरं केलं, तर ते आधी रक्ताच्या रिपोर्टात दिसेल आणि डोस डॉक्टरच कमी करतील. तोवर एकही डोस चुकवायचा नाही.

औषधाला अविश्वास म्हणणाऱ्यांनी आणखी काही जागा वाचाव्यात. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. देवाने त्याची प्रार्थना ऐकली आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं (२ राजे २०). पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि तो काटा निघाला नाही. पौलाचाही विश्वास कमी पडला, असं म्हणायला कोण धजेल?

आपल्या महाराष्ट्राचंच पाहा. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभं केलं. ते मिशनरी होते आणि शल्यचिकित्सकही. प्रार्थना की शस्त्रक्रिया, असा पेच त्यांना पडला नाही.

मुलगा स्वतःला दोष देतो आहे, तर त्याच्यासोबत योहान ९ वाचा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशूने दोघांवरही दोष ठेवला नाही. चार दिवस त्याला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याने इन्शुलिन घेतलं की नाही ते विचारा आणि रात्री नेहमीसारखी कौटुंबिक प्रार्थना करा. त्यात त्याच्या आरोग्यासाठी मागणंही थांबवू नका.

आणखी एक काम तुमच्यावर आहे. झाला प्रकार तुमच्या पाळकांना आणि त्या सभेच्या आयोजकांना तोंडावर सांगा. ‘साक्ष’ म्हणून बरं झाल्याच्या गोष्टी सभेत सांगितल्या जातात, आयसीयूची गोष्ट कोणी सांगत नाही. ती सांगितली, तर पुढच्या कोणा आईबापाचं पोर वाचेल.

प्रश्न : मी नर्स आहे. महिन्यातून दोन-तीन रविवार ड्युटी असते. चर्चमधल्या एक आजी दर वेळी म्हणतात, शब्बाथ मोडतेस. खरंच मोडते का?

उत्तर : नाही, बाळ. शब्बाथ माणसासाठी झाला, हे येशूचं म्हणणं मार्क २ मध्ये आहे. शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाला कोण वर काढणार नाही, असंही त्याने विचारलं होतं (लूक १४). तुझ्या वॉर्डात तर माणसं आहेत. पहिल्या शतकांतल्या विश्वासणाऱ्यांत कित्येक गुलाम होते, त्यांना रविवारची सुट्टी कुठली? ते पहाटे उजाडण्यापूर्वी जमत आणि कामावर जात. रोमी साम्राज्यात रविवार विश्रांतीचा दिवस झाला तो ३२१ साली, कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळाला १८९० मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. सुट्टी मिळते ती कोणीतरी झगडल्यामुळे, हेही आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

पण आठवड्यातला एक दिवस तुझ्यासाठी राहतो का, ते पाहा. ड्युटी संपवून घरी येऊन पुन्हा स्वयंपाक, धुणं आणि सुट्टीच्या दिवशीही तेच असेल, तर शब्बाथ मोडतोच. तो तू मोडत नाहीस, घरचे मोडतात. आणि आजींना म्हण, पुढच्या वेळी मी ड्युटीवर असताना माझ्या पेशंटसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. त्यांनाही काम मिळेल.

प्रश्न : वडील मृत्युपत्र न करता वारले. आई त्यांच्या आधीच गेली. आम्ही दोन बहिणी, एक भाऊ. भावाने हक्कसोडपत्र तयार करून आणलं आहे. म्हणतो, ख्रिस्ती बहीण भावाशी हिश्शावरून भांडत नाही, क्षमा करायला शिक. मंडळीतले वडीलही म्हणतात, सही कर, माहेर तुटू देऊ नको. माझी परिस्थिती बेताची आहे. मनात राग आहे म्हणून मी दोन महिने प्रभुभोजन घेतलेलं नाही.

उत्तर : ताई, तुमच्या भावाने क्षमा आणि सही यांची गाठ मारली आहे. ती आधी सोडवू.

क्षमा म्हणजे मनातला वैरभाव सोडणं. हक्क सोडणं हा वेगळा व्यवहार आहे. ज्याला खुशीने सोडावासा वाटतो त्याने सोडावा, पण धाक घालून घेतलेलं दान हे दान नव्हे. जक्कयाच्या घरी तारण आलं, तेव्हा त्याने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली (लूक १९). ज्यांना त्याने लुबाडलं होतं, त्यांनी विसरून जावं असं येशू म्हणाला नाही.

वारशाचा हट्ट ख्रिस्ती बाईला शोभत नाही, असं म्हणणाऱ्यांना गणना २७ काढून द्या. सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागितला. मोशेने ते गाऱ्हाणं देवापुढे नेलं आणि देवाने सांगितलं की मुलींचं म्हणणं रास्त आहे. पाच बायांची नावं शास्त्रात नोंदली गेली, ती वाटा मागितल्याबद्दल.

कायदाही तुमच्या बाजूचा आहे. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी असा भेद नाही. तिघांचा वाटा सारखा. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मग ‘मला समजलं नव्हतं’ म्हणून ते फिरवणं फार कठीण जातं.

दुसरी बाजूही सांगतो. वाटणीचा तंटा घेऊन एक जण येशूकडे आला, तेव्हा त्याने न्यायाधीश व्हायला नकार दिला आणि दोघांनाही लोभापासून जपायला सांगितलं (लूक १२). तेव्हा मागताना आपलं मनही तपासा. भावाने वडिलांच्या आजारपणात खर्च केला असेल, शेतात वर्षानुवर्षं राबला असेल, तर ते हिशोबात धरा. थोडं कमी घ्यावंसं वाटलं तर घ्या, पण ते तुम्ही ठरवून.

मत्तय १८ मध्ये क्रम दिला आहे. आधी एकट्याने जाऊन बोला. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, त्यात बहीण असू द्या. त्यानंतर मंडळी. मंडळीतल्या वडिलांना मी नम्रपणे विचारतो : माहेर टिकवण्याची किंमत दर वेळी बहिणीनेच का मोजायची? भावाला कोणी म्हणालं का, की हिस्सा दे, बहीण तुटू देऊ नको?

राहिलं प्रभुभोजन. मत्तय ५ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायचं आहे. जाणं तुमच्याकडे आहे, त्याने ऐकणं तुमच्या हाती नाही. रोम १२:१८ मध्ये पौलानेही शांतीची जबाबदारी आपल्याकडून होईल तितकीच ठेवली आहे. म्हणून या आठवड्यात भावाकडे जा, राग आला आहे हे त्याला सांगा, हिस्सा मागा, त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि रविवारी प्रभुभोजनाला या. सही मात्र कागद वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.