तारीख, वेळ, ठिकाण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून ऋतुजा एसटीने तालुक्याच्या कॉलेजला जायची. बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. 2024 च्या दिवाळीनंतर स्टँडवर एक मुलगा मोटारसायकल लावून उभा राहू लागला. ती गाडीतून उतरली की कॉलेजच्या फाटकापर्यंत मागे मागे यायचा. एकदा मैत्रिणींसमोरच तिने त्याला स्पष्ट सांगितलं, "माझ्या मागे येऊ नकोस." आठवडाभरात इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं, तिच्याच फोटोचं खातं निघालं. त्यावरून वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज जाऊ लागले. काही फोटोंत तिचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या उघड्या शरीराला जोडलेला होता.

ते मेसेज तिच्यापर्यंत आले की ऋतुजा लगेच पुसायची. मैत्रिणींनाही पुसायला लावायची. घरी कळलं तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न होता, "तू काय केलंस?" दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद झालं. ज्याने गुन्हा केला तो स्टँडवर मोकळा हिंडत होता आणि जिच्यावर झाला ती घरात बसली होती. आपल्याकडे हे इतकं सरसकट होतं की त्यात काही चुकतंय असंही कुणाला वाटत नाही.

आत्या शेजारीच राहायची. गावातल्या बचत गटाची ती सचिव. गटात कितीही भांडणं होवोत, वहीत जे लिहिलंय तेवढंच ती खरं धरायची. तिने ऋतुजाला एवढंच विचारलं, "किती पुसलंस?"

"पुष्कळ."

"आता एक अक्षर पुसायचं नाही."

आत्याने कोरी वही काढली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, ठिकाण, आणि तिथे आणखी कोण होतं. जिथे तारीख आठवेना तिथे ती खुणा विचारायची. त्या दिवशी बाजार होता का? परीक्षा होती का? पाऊस होता का? कुठे मैत्रिणीचा जुना मेसेज सापडला, कुठे एसटीचं तिकीट. हळूहळू पानं भरली.

सगळ्यात अवघड काम पुढेच होतं. पुसलेले मेसेज ज्या मुलांना गेले होते, त्यांच्या मोबाइलमध्ये ते अजून असणार होते. म्हणजे त्यांच्याकडे जाऊन मागायला हवे होते. ऋतुजा दोन दिवस रडली. "मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू?" आत्या म्हणाली, "लाज ज्याची त्याला परत करायचीय पोरी. त्यासाठी आधी ती गोळा करावी लागंल." एकाने नंबरच ब्लॉक केला. पण मागच्या बाकावर बसणाऱ्या, कधी फारसं न बोलणाऱ्या एका मुलाने सगळं जपून ठेवलं होतं. जबाब द्यायला मी येतो, असंही तो म्हणाला.

मग दोघी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे गेल्या. 1987 च्या कायद्याने बाईला वकील मोफत मिळतो, घरची कमाई कितीही असो. आत्याला हे गटाच्या शिबिरात कळलं होतं. वकीलबाईंनी वही शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "स्टँडवरचा त्रास वेगळा आणि मोबाइलवरचा वेगळा, असं तुम्ही धरलंय. कायदा तसं धरत नाही." भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, बाईने नको म्हटल्यावरही मागे लागणं आणि तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं, दोन्हीला पाठलागच म्हटलं आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर 3 वर्षांपर्यंत कैद, पुन्हा ठरला तर 5 वर्षांपर्यंत. तोतया खात्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66डी, अश्लील मजकुरासाठी 67.

"नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत," त्या म्हणाल्या. "खात्याचं नाव तो क्षणात बदलेल. प्रोफाइलची लिंक लिहून ठेवा. मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका." हे सगळं झाल्यावरच त्यांनी कंपनीकडे तक्रार करायला लावली. असे बनावट फोटो तक्रारीनंतर 24 तासांत काढायचे, असा तेव्हा नियम होता. आधीच तक्रार केली असती तर खातं गेलं असतं आणि डोळ्यांसमोरचा पुरावाही.

पोलीस ठाण्यात अंमलदार म्हणाला, "मावशी, खातं कुणाचं तेच माहीत नाही, एनसी घेतो. आणि कॉलेज आमच्या हद्दीत येत नाही." एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. कोर्टाच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. या दोन वाक्यांवर किती मुली माघारी गेल्या असतील!

आत्या उठली नाही. "साहेब, अज्ञात इसमाविरुद्ध लिहा. हद्द दुसरी असंल तर शून्य नंबरनं घ्या आणि पाठवा तिकडं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे." गुन्हा नोंदवून घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवायचा अर्जही तिच्या पिशवीत तयार होता. तो काढावा लागला नाही. महिला अंमलदाराला बोलावलं गेलं. तिने वही समोर ठेवून फिर्याद लिहून घेतली आणि एफआयआरची प्रत हातात दिली. या प्रतीला पैसे पडत नाहीत.

कंपनीकडून लॉगिनच्या नोंदी आल्या, त्यावरून मोबाइल नंबर निघाला. तो स्टँडवरच्याच मुलाचा होता. त्याचे काका ऋतुजाच्या वडिलांकडे आले. "पोरगं लहान आहे, समजुतीनं मिटवू. त्याचं आयुष्य वाया जाईल."

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी पोरगीबी त्याच वयाची हाय." आणि चहा न विचारताच त्यांना वाटेला लावलं.

पुढच्या सोमवारी वडिलांनीच ऋतुजाला स्टँडवर सोडलं. दोषारोपपत्र दाखल झालं आणि खटला सुरू आहे. गुन्हा नोंदवल्याचं कळल्यावर त्याच मुलाचा त्रास सोसलेल्या आणखी दोघी पुढे आल्या. एकीच्या मोबाइलमध्ये सगळं होतं, तिचा जबाब खटल्यात आहे. दुसरीने भीतीपोटी मेसेज पुसून जुना मोबाइल विकून टाकला होता. तिच्याकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं.