अजून एक जण आत आहे

सिंगापूरहून क्वालालंपूरच्या बसमध्ये बसलं की प्रवास सुरू होतो न होतो तोच खाली उतरावं लागतं. वूडलंड्सच्या नाक्यावर सिंगापूर सोडायचं, पुन्हा बसमध्ये चढायचं, जेमतेम किलोमीटरभराचा कॉजवे ओलांडायचा आणि जोहोर बाहरूला बॅगा ओढत पुन्हा रांगेत उभं राहायचं. १९६५ साली सिंगापूर मलेशियातून वेगळा झाला आणि इथे दोन देशांची सीमा आली. आज ती ओलांडून रोज लाखो माणसं ये-जा करतात.

रांगा मात्र सगळ्यांसाठी सारख्या नसतात. काही पासपोर्टांना यांत्रिक दारं चटकन उघडतात. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून मलेशियाच्या छोट्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, तरीही परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवावं लागतं. आमच्या बसमधल्या एका बांगलादेशी कामगाराला तर खिडकीवरून थेट बाजूच्या खोलीत नेलं. प्लास्टिकच्या पिशवीत त्याने सगळे कागद नीट लावून आणले होते. ती पिशवी तो दोन्ही हातांनी धरून होता.

बाहेर बस चालू स्थितीत उभी. बऱ्याच कंपन्या आधीच बजावून ठेवतात, ठरावीक वेळच थांबू, उशीर झाला तर मागच्या गाडीने या. बसमध्ये कुरकुर सुरू झाली, एकासाठी सगळ्यांनी किती ताटकळायचं? कुणाला पुढे विमान गाठायचं असेल, ड्रायव्हरलाही वेळ पाळायची असते. या अडचणी खऱ्या आहेत, त्या मी हलक्या मानत नाही.

पण आपण लवकर सुटलो ते काही कागद त्याच्यापेक्षा नीट लावले म्हणून नव्हे. आपण कुठे जन्मलो, यावर ते आधीच ठरलेलं होतं. फुकट मिळालेल्या त्या वेळातली दहा मिनिटं त्याच्यासाठी खर्ची घालायला आपल्याला जड का जावं?

एक मलय बाई उठून ड्रायव्हरपाशी गेल्या, काहीतरी बोलल्या. त्याने इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने तो कामगार पळत आला.

तिथे एकसारख्या दिसणाऱ्या कितीतरी बस उभ्या असतात. म्हणून उतरतानाच शेजाऱ्याला गाडीचा नंबर सांगावा, त्याचा फोन नंबर विचारून घ्यावा. परत चढल्यावर शेजारची जागा रिकामी दिसली, तर ड्रायव्हरला सांगावं की अजून एक जण आत आहे. आणि गाडीला निघणं भागच असेल, तर मागची गाडी कधी येणार हे विचारून त्याला कळवावं.